फुलांनी लिहिलेली 'माउली'

प्रश्न : पालख्या हडपसरमधून जातात त्या दिवशी आमची सोसायटी गाडीतळाजवळ वारकऱ्यांना चहा-पाणी देते. यंदा मंडपावर 'माउली' हा एकच शब्द फुलांनी लिहिलेला असावा असं ठरलं आणि संगणक येतो म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. इंटरनेटवर फुलांची तयार इंग्रजी अक्षरं ढिगानं मिळतात. मराठीत जवळजवळ काहीच नाही, आणि जी दोनचार सापडली ती शेजारी ठेवली की मधे फटी राहतात. असं का होतं? आणि फोटोशॉपचे पैसे न भरता हे घरी जमेल का?
— एक वाचक, सातववाडी, हडपसर

उत्तर : जमेल. पैसेही लागणार नाहीत. एक संध्याकाळ मात्र जाईल.

आधी फटींचं बघू. इंग्रजी अक्षर सुटं उभं राहतं. फुलांचा 'ए' एका चित्रात, 'बी' दुसऱ्या चित्रात, ते शेजारी शेजारी मांडले की शब्द झाला. देवनागरी अशी सुटी बसत नाही. शिरोरेषा अख्ख्या शब्दावरून जाते, दुसरी वेलांटी अक्षराच्या डोक्यावरून वळून काना होऊन खाली उतरते, उकार खाली लोंबतो आणि जोडाक्षरात एक अक्षर दुसऱ्यात शिरतं. फुलांचा तयार मराठी संच करायचा म्हटला तर बाराखडी आणि जोडाक्षरं धरून शेकडो चित्रं करावी लागतील, आणि तरीही शिरोरेषेचे तुकडे एकमेकांना तंतोतंत जुळणार नाहीत. म्हणून तो कुणी करत नाही. तुम्हीही तयार अक्षरं शोधण्यात वेळ घालवू नका. पूर्ण शब्द हीच एक आकृती धरा आणि तिच्यावर फुलं चढवा.

अक्षरात फुलं घालायची हौस संगणकाहून कितीतरी जुनी आहे. फारसी आणि उर्दू सुलेखनात 'खत-ए-गुलजार' नावाची एक तऱ्हाच आहे. त्यात नस्तालीक अक्षराची फक्त बाह्यरेषा काढायची आणि पोटात फुलं, पानं, कधी पक्षी भरायचे. आपल्याकडे वेलबुट्टी पोथीच्या समासात आणि पैठणीच्या काठावर फुलली, पण पोथीतलं अक्षर बहुतेक साधं काळंच राहिलं. मराठी अक्षरालाच चित्र करण्याचं काम पुढे नाटकांच्या जाहिरातींत झालं. कमल शेडगे यांनी रेखाटलेली नाटकांची नावं वर्तमानपत्रात पाहिली की नाटक कोणत्या जातीचं आहे ते वळणावरूनच कळायचं. पण त्यांनी अक्षर कितीही वळवलं, वाकवलं तरी ते वाचता यायचं. फुलांच्या अक्षरांत नेमकं इथेच पाणी मुरतं. करणाऱ्याला शब्द ठाऊक असतो, त्यामुळे त्याला तो दिसत राहतो. रस्त्यावरून चालत येणाऱ्याला नुसता फुलांचा ढीग दिसतो.

साधन म्हणून गिम्प घ्या. चित्रसंपादनाचा हा मोफत प्रोग्रॅम १९९६ पासून लोकांच्या हातात आहे आणि विंडोजवरही चालतो. मोफत आहे एवढंच त्याचं कारण नाही. युनिकोडमधलं मराठी तो नीट जुळवतो. जुन्या फोटोशॉपमध्ये युनिकोड मराठी टाइप केलं की पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसायची आणि 'ज्ञ' फुटायचा. नंतरच्या आवृत्त्यांत अक्षरजुळणीची वेगळी व्यवस्था आली, पण कित्येक ठिकाणी ती सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते आणि लोकांना हे माहीत नसतं. फ्लेक्सच्या दुकानांत अजूनही श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट चालतात ते बऱ्याच अंशी या त्रासामुळेच. (श्रीलिपी पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची.) मोबाइलवर पिक्सललॅबमध्ये बॅनर करणाऱ्यांची तर फौज आहे, पण फुलं एका रेषेवर ओळीनं बसवायची असतील तर संगणक बरा.

आता फॉन्ट. विंडोजमध्ये असतोच म्हणून 'मंगल' घेऊ नका. र. कृ. जोशी यांनी तो पडद्यावर मजकूर वाचण्यासाठी केला, आणि त्या कामाला तो चोख आहे. पण त्याच्या रेषेच्या जाडीत तुमचा झेंडू मावणार नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे मुक्त, बालू आणि मोदक हे फॉन्ट मोफत आहेत, छापील कामातही विनाशुल्क वापरता येतात. जाड म्हणून सगळ्यांचा हात मोदककडे जातो आणि तिथेच फसगत होते. मोदकची अक्षरं इतकी गुबगुबीत आहेत की आतल्या जागा केसाएवढ्या चिरांसारख्या उरतात. साध्या रंगात ते सुंदर दिसतं. फुलं भरली की त्या चिरा पाकळ्यांखाली नाहीशा होतात. बालू घ्या, नाहीतर मुक्तचं सर्वांत जाड वळण.

आणि 'ल' तपासा. फॉन्ट हिंदी वळणाचा असेल तर 'माउली'तला 'ल' परका दिसतो. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' ठरवून दिले आहेत. गिम्पच्या टेक्स्ट टूलमध्ये भाषेचा रकाना असतो, तिथे मराठी निवडा. फॉन्टमध्ये सोय असेल तर 'ल' आपोआप बदलतो.

कामाच्या रीती दोन. एक भरण्याची, दुसरी ओवण्याची.

भरण्याची रीत सोपी. शब्द टाइप करायचा, त्या थरावर उजवी क्लिक करून 'अल्फा टु सिलेक्शन' घ्यायचं, फुलांच्या राशीचा फोटो वरच्या थरावर ठेवायचा आणि त्याला 'लेअर मास्क' लावताना 'सिलेक्शन' हा पर्याय निवडायचा. अक्षरापुरती फुलं राहतात, बाकीची झाकली जातात. फोटोशॉपवाले हेच 'क्लिपिंग मास्क'नं करतात. पाच मिनिटांचं काम, आणि दिसतंही पाच मिनिटांचंच. कारण कडेवरचं प्रत्येक फूल सुरीनं कापल्यासारखं अर्धं होतं. त्यावर तोड अशी की दहा-पंधरा अख्खी फुलं वेगळ्या थरावर कडेपाशी ठेवायची, निम्मी आत, निम्मी बाहेर. कापलेली कड मोडते आणि अक्षर जिवंत होतं. वेळच नसेल तर एवढ्यावर भागवा.

'माउली'साठी मात्र मी ओवण्याच्याच बाजूचा आहे. देवनागरी अक्षर मुळात बोरूच्या ओढीनं होतं. फुलं त्या ओढीच्या दिशेनं एकापुढे एक आली तर शब्द गजऱ्यासारखा ओवलेला दिसतो, आणि दुरून वाचताही येतो.

त्यासाठी आधी फुलं जमवा. बाजारातून फोटो विकत घेऊ नका, गूगलवरून उचलूही नका. ते फोटो कुणाच्या तरी मालकीचे असतात. भारतीय कृषी संशोधन परिषदेचं फुलशेती संशोधन संचालनालय ज्या मुंढवा-मांजरी रस्त्यावर आहे, त्याच्या पलीकडे राहून तुम्ही फिकट गुलाबी परदेशी गुलाबांचे तयार फोटो वापरणार असाल तर काय बोलावं! गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून किंवा गाडीतळाच्या फुलवाल्याकडून पावशेर झेंडू आणा. त्यातले सात-आठ निवडा आणि मुद्दाम वेगवेगळे निवडा. एक पूर्ण उमललेला, एक जरा मिटलेला, एक कडेनं सुकत आलेला, एक पिवळा. एकच फूल शंभरदा उमटलं की डोळा ते लगेच ओळखतो आणि सगळं भिंतीच्या कागदासारखं वाटू लागतं.

फोटो सावलीत काढा. गॅलरीत सकाळी दहाच्या सुमाराला, ऊन थेट पडत नसताना. झेंडूखाली निळा कार्डपेपर ठेवा. केशरीला निळा इतका विरोधी की गिम्पच्या 'फझी सिलेक्ट'नं पार्श्वभूमी दोन-चार क्लिकमध्ये निघते. मोबाइल बरोबर वर धरा आणि फूल चौकट भरून घ्या. लहान फोटो नंतर मोठा केला की धूसर होतो. मोठा लहान करायला काहीच जात नाही.

पार्श्वभूमी काढलेलं प्रत्येक फूल एका नव्या फाइलमध्ये स्वतंत्र थरावर, सगळी साधारण एकाच मापाची, ठेवा. प्रत्येकाच्या भोवती किंचित गडद छाया द्या. ही छाया एका बाजूला झुकलेली नको, चहूबाजूंनी सारखी हवी. यात मेख आहे. नंतर फुलं उलटीसुलटी फिरणार. छाया एका बाजूला असेल तर प्रत्येक फुलाचा सूर्य वेगळ्या दिशेला दिसेल. छाया दिलीच नाही तर फुलं एकमेकांत मिसळून केशरी पट्टा होतो. आता ती फाइल 'जीआयएच' प्रकारात एक्स्पोर्ट करा. गिम्पमध्ये हा अनेक चित्रांचा ब्रश. त्याच्या पर्यायांत क्रम 'रँडम' ठेवा. फाइल ब्रशच्या फोल्डरमध्ये टाकून यादी ताजी केली की तुमचा झेंडूचा ब्रश तयार. फोटोशॉपवाल्यांना इथे गिम्पचा हेवा वाटावा, कारण फोटोशॉपचा नेहमीचा ब्रश चित्राचा फक्त काळा-पांढरा ठसा ठेवतो. फुलांचे मूळ रंग त्यात राहत नाहीत.

फलक किती मोठा? सहा फूट बाय तीन फूट धरू. दुरून वाचायच्या फ्लेक्सला इंचाला ७२ बिंदू पुरतात. म्हणजे ५१८४ बाय २५९२ बिंदूंचं चित्र. या हिशेबानं सहा सेंटिमीटरचा खरा झेंडू साधारण १७० बिंदूंचा होतो. ब्रशचं माप तेवढंच ठेवा. फलकावर फूल खऱ्याएवढं दिसेल, आणि मंडपातल्या खऱ्या माळांशेजारी ते लटकं वाटणार नाही.

शब्द फिकट राखाडी रंगात टाइप करून खालच्या थरावर ठेवा. तो फक्त गिरवायला. गिम्पमध्ये मजकुराची बाह्यरेषा आपोआप काढून देणारी सोय आहे, पण ती वापरू नका. ती अक्षराच्या दोन्ही कडांनी जाते आणि फुलांच्या दोन रांगा पडतात, मधे पोकळ. 'पाथ्स टूल' घ्या आणि प्रत्येक अक्षराच्या मधोमध, हात जसा फिरेल तशी रेघ ओढा. 'म'चं डावं अंग आणि गाठ, मग दांडा, मग काना. 'उ' एका ओढीत. 'ल'च्या दोन पाकळ्या आणि मधला देठ, मग वेलांटी. प्रत्येक ओढीचा पाथ वेगळा ठेवा. नव्या पारदर्शक थरावर 'स्ट्रोक पाथ' देऊन त्यात 'पेंट टूल'चा पर्याय निवडा. दोन फुलांमधलं अंतर ब्रशच्या मापाच्या सत्तर-ऐंशी टक्के ठेवा, म्हणजे फुलं एकमेकांना जरा दाबून बसतील. शंभराच्या वर गेलात तर मणी सुटे पडतात.

शिरोरेषा सगळ्यात शेवटी. दांडे तिला जिथे भिडतात तिथे फुलांची गर्दी वेडीवाकडी होते. वरून शिरोरेषा गेली की ती झाकली जाते. माझं मत विचाराल तर शिरोरेषा तुळशीच्या पानांची करा, झेंडूची नको. वारकऱ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ असते हे एक, आणि हिरव्या रेषेखाली केशरी अक्षर वेगळं उठून येतं हे दुसरं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फुलाचं माप अक्षराच्या जाडीवरून ठरवू नका, शब्दातल्या सगळ्यात अरुंद मोकळ्या जागेवरून ठरवा. 'माउली'त अशा दोन जागा आहेत : 'उ'च्या दोन वाटोळ्यांमधली आणि 'ल'च्या दोन पाकळ्यांमधली. फुलं चढवल्यावर तिथे निदान एका फुलाएवढी रिकामी जागा उरली पाहिजे. उरत नसेल तर फूल लहान करा, किंवा गिरवायचा शब्दच मोठा करा. मग चित्र पडद्यावर टपाल तिकिटाएवढं करून घरातल्या अशा माणसाला दाखवा ज्याला शब्द माहीत नाही. त्यानं अडखळत वाचलं तर काम झालेलं नाही.

प्रश्न : निशिगंधाचा फोटो काढला तर पांढऱ्या कागदावर फूलच दिसत नाही आणि निळ्यावर ठेवलं तर पाकळ्या निळसर होतात. काय करावं?
— मांजरी बुद्रुक

उत्तर : पांढरी पाकळी खालच्या कागदाचा रंग उचलते, म्हणून फूल कागदावर टेकवायचंच नाही. वाटी उपडी ठेवा, तिच्यावर फूल, आणि खाली बरंच अंतर सोडून काळं कापड. उजेड बाजूनं येऊ द्या. फूल उजळतं, कापड अंधारात जातं. फोटो किंचित कमी उजेडाचा घ्या, कारण पांढऱ्यातले बारकावे एकदा जळाले की कोणताच प्रोग्रॅम ते परत आणत नाही. एक गोष्ट लक्षात ठेवा. निशिगंधाची फुलं लांबट असतात, त्यांना दिशा असते. ती झेंडूसारखी गरगर फिरवली तर विस्कटल्यासारखी दिसतात. देठ एकाच बाजूला राहील अशी, वेलांटीच्या वळणावर, हातानं एकेक बसवा. वेळखाऊ आहे, पण वेलांटी असते केवढीशी!

प्रश्न : एवढा खटाटोप कशाला? हल्ली एआयला सांगितलं की फुलांची अक्षरं लगेच मिळतात.
— मगरपट्टा

उत्तर : फुलं छान मिळतात. अक्षरं बघून घ्या. इंग्रजी नावं आता बरीच नीट येतात. देवनागरीत मात्र शिरोरेषा मधेच तुटलेली, 'ऱ्या'च्या जागी काहीतरी भलतंच, अशी चित्रं अजून सर्रास दिसतात. 'वारकऱ्यांचे स्वागत' लिहून मागा, म्हणजे लगेच लक्षात येईल. एआयकडून नुसती फुलं किंवा पार्श्वभूमी घेऊन शब्द स्वतः ओवलात तर माझी हरकत नाही.

प्रश्न : पडद्यावर झगझगीत केशरी दिसणारा झेंडू फ्लेक्सवर विटकरी का छापून येतो? दुकानदार म्हणतो, फाइलच तशी आहे.
— मुंढवा

उत्तर : दोघांचंही अर्धं बरोबर आहे. पडदा लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशातून रंग करतो. छपाईयंत्र निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी शाई एकावर एक टाकून. प्रकाशात मिळणारे काही भडक रंग शाईला गाठताच येत नाहीत. केशरी, राणी आणि पोपटी हे त्यातले नेहमीचे गुन्हेगार. त्यातून फाइल एकदा तुम्ही शाईच्या रंगांत बदलली आणि नंतर दुकानाच्या यंत्रानं पुन्हा बदलली की उरलीसुरली चमकही जाते. म्हणून बदल एकदाच होऊ द्या. फाइल पीएनजी किंवा टिफ प्रकारात मूळ रंगांतच द्या आणि दुकानदाराला त्याच्या यंत्राप्रमाणे बदलायला सांगा. पूर्ण फलक छापण्याआधी वीतभर तुकडा छापून घ्या आणि तो दिवसाउजेडी बघा, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नको. केशरी तरीही फिका वाटला तर फुलांचा रंग वाढवत बसू नका, मागचा रंग गडद करा. गर्द हिरव्या किंवा जांभळट पार्श्वभूमीवर तोच छापील झेंडू पेटल्यासारखा दिसतो.

सातववाडीच्या वाचकांना शेवटचं. ज्ञानोबांची पालखी हडपसरहून दिवे घाटानं सासवडकडे वळते आणि तुकोबांची लोणी काळभोरकडे जाते. त्या दिवशी गाडीतळावर दोन्ही पालख्यांची गर्दी असते आणि रस्त्याकडेला फलकांचीही. तुमचा मंडप रस्त्यालगत असेल तर महापालिकेच्या आकाशचिन्ह विभागाची परवानगी फाइल छपाईला देण्याआधी घ्या.